सुनंदाचं बटण

फोटो स्टुडिओ वीस वर्षं चालवला, की हार्ड डिस्कच्या आधी डोकं भरतं. चहाला चार माणसं जमली की सोनपेठच्या माझ्या दुकानातलं काहीतरी निघतंच.

आम्हा नवरा-बायकोत वाटणी सरळ होती. फोटो मी काढायचो, कॉम्प्युटर सुनंदाचा. फोटो लहान करणं, शार्प करणं, कोपऱ्यात दुकानाचा मोबाईल नंबर टाकणं, हे सगळं तिनं एकदाच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. एक बटण दाबलं, की अख्खं लग्न तयार!

मागच्या वर्षी सुनंदा गेली. मुलगी पुण्याहून दर रविवारी विचारते, "बाबा, दुकान कधी बंद करताय?" मी म्हणतो, "बघू." तोवर बटणं मीच दाबतो.

*

पहिल्याच लग्नाला 'लग्न'ऐवजी 'फॉर्म' हे बटण दाबलं. ते नोकरीच्या अर्जांसाठी होतं. फोटोचा फक्त मधला भाग ठेवायचा आणि पासपोर्ट साईज करायचा.

मंगलाष्टकांच्या सगळ्या फोटोंत नवरा एका कडेला, नवरी दुसऱ्या कडेला. दोघंही कापले गेले. मधे उरले भटजी!

शेजारी मोबाईल दुरुस्त करणारे सलीमभाई बघायला आले. एकेक फोटो पुढं सरकवत गेले. मग म्हणाले, "भाऊ, ह्ये भटजी आता कोणत्याबी भरतीचा फॉर्म भरू शकतेत!"

मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा सुनंदाचा नियम होता, म्हणून वाचलो.

*

एकदा शार्पचं बटण एकाच फोटोवर दोनदा दाबलं गेलं. फोटो एका आजीचा होता. एकेक सुरकुती कोरल्यासारखी उठून आली. नातू वैतागला. मी माफी मागितली, दुसरा काढून देतो म्हणालो.

आजीनं फोटो छातीशी धरला. "ऱ्हाऊ दे बाबा. आजवर मला इतकं न्याहाळून कुनी पाह्यलंच न्हाई."

*

'लग्न' बटणात सुनंदानं एक थांबा घालून ठेवलाय. प्रत्येक फोटोला काम अडतं आणि पडद्यावर चौकट येते, 'डोळे मिटलेत का बघा.' आपण पाहायचं, ठीक म्हणायचं, मग गाडी पुढं. चारशे फोटो असतील तर चारशे वेळा.

सलीमभाई म्हणाले, "कायला बोटं झिजवायलाव? दोन मिनटांत काढून टाकतो."

"नको."

"मंग ह्ये कसलं ऑटोमॅटिक?"

"तिचं असंच असायचं," मी म्हणालो. तेव्हापासून त्यांनी तो विषय काढला नाही.

*

मागच्या महिन्यात एका मुलानं वडिलांचा श्रद्धांजलीचा फोटो करून घेतला. सवयीनं माझ्याकडून 'लग्न'चंच बटण दाबलं गेलं. वर वडिलांचं नाव, खाली माझा मोबाईल नंबर! मुलानं न बघताच तो फोटो नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर टाकला.

दुपारपासून मला फोन सुरू. "लय वाईट झालं बगा." "धीर धरा भाऊ." पहिल्या तिघांना मी सांगितलं, की हा स्टुडिओचा नंबर आहे. मग त्या मुलाला फोन लावला. खूप माफी मागितली. नंबर काढून फोटो लगेच पाठवतो म्हणालो.

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. आई सांगून सांगून थकलीय. थोडे फोन तुमीच घ्या. झोपेतच गेले, त्रास झाला न्हाई, एवढंच सांगा."

सुनंदाच्या वेळी माझा फोन तेरा दिवस सलीमभाईंच्या ड्रॉवरमध्ये बंद होता. या वेळी मी एकेक उचलत गेलो. "झोपेतच गेले. त्रास झाला नाही." समोरची माणसं ऐकून घ्यायची. आपल्या घरातलंही कुणी कसं गेलं ते सांगायची. "जेवत जा," म्हणायची. मी "हो" म्हणायचो.

शेवटचा फोन पाथरीहून आला, एका म्हाताऱ्या गृहस्थांचा. ते बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "फोनवर काय खरं न्हाई बाबा. भेटायलाच येतो. सापडताल का तुमी?"

"या काका," मी म्हणालो. "स्टँडसमोर फोटो स्टुडिओ आहे. रोज उघडा असतो."