घागरीचा पंचनामा

नोकरीतले पुष्कळ गुन्हे विसरले. ही केस विसरले नाही, विसरणारही नाही.

मी सातवी पास. नवऱ्याच्या जागी पोलिसात लागले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. निवृत्तीला सहा महिने उरले होते, तेव्हा पूर्णा तालुक्यातल्या एका ठाण्यात होते.

त्या वेळी डॉक्टरांसाठी नवा नियम आला. राज्याच्या नोंदवहीतली नावे देशाच्या एकाच यादीत चढवायची, आधार जोडून, कॉम्प्युटरवर. ताडकळसच्या बाजूच्या एका गावात सत्तावीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनीही बाजारातल्या सेंटरवरून फॉर्म भरून घेतला. चारच दिवसांत निनावी तक्रार आली. बाईचे आधारवरचे नाव वेगळे, सर्टिफिकेटवरचे वेगळे, म्हणून फॉर्म परत आला आहे. सर्टिफिकेट दुसऱ्याच बाईचे, ही बाई बोगस. आरोग्य खात्यालाही तीच तक्रार गेली होती. त्यांनी दवाखान्याला सील ठोकले.

बाईंचा जबाब मी घेतला. रडल्या नाहीत, ते बरे वाटले.

"डिग्री लग्नाआधीची, माहेरच्या नावाची. लग्नात सासूबाईंनी दुसरं नाव ठरवलं, यांनी अंगठीनं तांदळात लिहिलं. तेच रेशनकार्डावर, तेच आधारवर."

"राजपत्रात बदलून घ्यायचं की."

"पेशंट बघू का राजपत्र? सगळे मला नुसतं बाई म्हणतात."

ठाण्याचे साहेब तरुण होते. म्हणाले, "मावशी, दोन नावं म्हणजे दोन बायका. गुन्हा दाखल करा."

"माझीबी दोन नावं हायत, साहेब. मलाबी आत टाका."

साहेब हसले आणि दोन दिवस दिले.

कमी शिकलेला माणूस अक्षर न् अक्षर वाचतो. तक्रार मी पाच वेळा वाचली. फॉर्म परत आल्याचे बाईंनी घरातसुद्धा सांगितले नव्हते. मग ते ठाऊक कोणाला? ज्याने फॉर्म भरला, त्याला. बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवाल्याला बोलावले. चाळिशीचा, बायकालेकरांचा माणूस. बसताच पाणी मागितले. खोटे बोलायला आलेला माणूस आधी पाणी मागतो.

"म्या काय बी केलं न्हाई, मावशी."

"केलं म्हणून कोण म्हनलं? बोललास कुणाला, ते सांग."

"आमी लय जणांचे फॉर्म भरतो, ध्यानात ऱ्हात न्हाई."

"तुझी लेकरं कुणाच्या हातानं झाली, हे तरी ध्यानात हाय का?"

मान खाली गेली. "बाईंच्याच."

"आन् तू तिच्याच दाराला कुलूप घालायलायस."

मग बोलला. गावात आठ वर्षांपासून एक इंजेक्शनवाला डॉक्टर बसत होता. ताप असो, पायदुखी असो, एकच सुई. बाईंच्या दारातली गर्दी त्याला सलत होती. सेंटरवाल्याने चहा पिता पिता त्याला फॉर्मची गोष्ट सांगितली आणि नंतर तक्रारही टाइप करून दिली.

पण एवढ्याने बाई खऱ्या ठरत नव्हत्या. लग्नाची नोंद नाही, पत्रिका उरलेली नाही, नवरा वारलेला. मी त्यांच्या घरी गेले आणि माळ्यावरची भांडी उतरवायला लावली. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय मामा आहेराचे भांडे देत नाही. पितळी घागर निघाली. चिंचेने घासली तशी अक्षरे वर आली. मामाचे नाव, डॉक्टर भाचीचे माहेरचे नाव, नवऱ्या मुलाचे पूर्ण नाव, लग्नाची तारीख. आधारवर नवरा म्हणून तोच माणूस. दोन पंच बोलावून घागरीचा पंचनामा केला. जिंतूरला जाऊन मामाचा जबाब घेतला. ऐंशीचा म्हातारा, पण आवाज खणखणीत.

"घागर म्याच दिली. पोरीचं नाव बदलू नका म्हणून मांडवात भांडलो बी. मामाचं कोण ऐकतंय?"

साहेबांनी कागद वाचले. "घागर मुद्देमालात जमा करायची का, मावशी?"

"नको साहेब. मामा इथंबी भांडायला यील."

मग इंजेक्शनवाल्याला त्याच सेंटरवर बोलावले. तालुक्याचे आरोग्य अधिकारी शेजारी बसवले. गडी इस्त्रीच्या शर्टात आला.

"जमादारीणबाई, आमाला कशाला तकलीफ?"

"सगळ्या डॉक्टरांची नावं चढवायलेत. तुमचंबी चढवू. राज्याचा नोंदणी नंबर सांगा."

त्याने सेंटरवाल्याकडे पाहिले. सेंटरवाल्याने छताकडे.

"कागदं घरी ऱ्हायली."

"गाडी हाय. चला."

घरच्या भिंतीवर प्रथमोपचाराच्या सहा महिन्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र होते. दुसरे काही नाही. आरोग्य अधिकाऱ्यांनी फिर्याद दिली, गुन्हा दाखल झाला. त्याच दुपारी बाईंच्या दवाखान्याचे सील निघाले. ऊसतोडीवरून बाळंतपणासाठी गावी आलेली एक बाई सकाळपासून ओट्यावर बसून होती. ती सगळ्यांच्या आधी आत गेली.

या केसने मला एक शिकवले. बाईचे नाव बदलायला पाच मिनिटे लागतात, तेव्हा कोणी कागद मागत नाही. पुढे मात्र कागद तिलाच मागतात. म्हणून दोन नावे दिसली की आधी लग्नाचे विचारावे, मग गुन्ह्याचे.

यादीत जायचे तर दोनांतले एकच नाव ठेवणे भाग होते. मी बाईंना विचारले, "कोणतं ठेवता?"

"जे परीक्षेला बसलं होतं, ते."

राजपत्र झाले, आधार बदलले, आणि देशाच्या यादीत बाई माहेरच्या नावाने चढल्या.