एग्झाम्पल या शब्दाची दुसरी बाजू

मनीषाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "बाई, झुबेदा मॅडम गेल्या…" एवढंच ती म्हणाली. मी भाजी तशीच टाकून उठले.

पनवेलच्या एकाच शाळेत मी मराठी शिकवायचे आणि झुबेदा इंग्रजी. शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्यामुळे शब्दांवरून वाद रोजचेच. मी म्हणायचे, आमचा एक 'आदर्श' शब्द तुमच्या चार शब्दांना पुरतो. ती हसायची. "म्हणून तर तुमचा आदर्श भिंतीवर टांगलेला असतो, वैद्य बाई. मॉडेल वेगळं. त्याच्याकडे बघून दुसरं घडवता आलं पाहिजे." मुलांना मॉडेल म्हणजे विज्ञान प्रदर्शनातला थर्माकोलचा ज्वालामुखी एवढंच ठाऊक. ती म्हणायची, बरोबर आहे, आता त्याच्यावरून खरा डोंगर ओळखा! गावातल्या एका मंडळाने तिला पुरस्कार दिला. त्यावर इंग्रजीत 'आयडियल टीचर' छापलं होतं. सत्कार तिने आनंदाने घेतला, घरी पेढेही वाटले, पण मला हळूच म्हणाली, "आयडियल मनात असतो गं. मी तर अजून चालती-बोलती आहे."

तिची खरी ओळख मला पटली ती मनीषामुळे. मनीषा जवळच्या गव्हाण गावची, दहावीत होती. आईचं ऑपरेशन झालं आणि मासळीची पाटी हिच्या डोक्यावर आली. सकाळी बाजार, दुपारी घर. शाळा सुटतच गेली. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी बैठक बोलावली. मनीषाला आईच्या बहिणीसोबत दाराशी उभं केलं होतं. मावशी काकुळतीने सांगत होती, "सायेब, पोरगी हुशार हाय. आमी तरी काय करनार, घरात दुसरं कोनी नाय." साहेब तिच्याकडे न बघता आम्हाला म्हणाले, "हिला परीक्षेला बसवायचं नाही. वुई मस्ट मेक ॲन एग्झाम्पल ऑफ हर. बाकीची पोरं आपोआप वठणीवर येतील."

झुबेदा उठली. तिचा आवाज चढला नव्हता. "सर, एग्झाम्पलच्या दोन बाजू आहेत. 'मेक' म्हटलं की एकाला शिक्षा करून बाकीच्यांना घाबरवायचं. 'सेट' म्हटलं की आधी स्वतः करून दाखवायचं. आपण शिक्षक आहोत, आपलं काम हे दुसरं."

"आणि ही नापास झाली तर? शाळेच्या निकालाचं काय?"

"तर पुढच्या वर्षी दहावीचा वर्ग माझ्याकडून काढून घ्या."

दहावीचा वर्ग म्हणजे तिचा जीव होता, हे साहेबांनाही माहीत होतं. त्यांनी मान डोलावली… आणि त्या दिवसापासून मनीषा बाजार आटोपला की थेट मोहल्ल्यातल्या झुबेदाच्या घरी जाऊ लागली. झुबेदासोबत राहणारी तिची भावजय मनीषाला आधी जेवू घालायची, मग अभ्यास. मराठीसाठी मीही जाऊ लागले. कधी कधी पोरगी पुस्तकावरच डुलक्या घ्यायची. झुबेदा तिला थोडं झोपू द्यायची आणि स्वतः पुढचा धडा वाचून ठेवायची.

निकालाच्या दिवशी मनीषा ओल्या हातांनीच बाजारातून धावत आली. पास! इंग्रजीत तर वर्गात पहिली. साहेबांनी झुबेदाचं सगळ्यांसमोर अभिनंदन केलं, ते मोठ्या मनाने केलं, हेही सांगायला हवं. आज मनीषा उलव्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. झुबेदा हे कुणालाही सांगताना पदर सावरून ताठ बसायची.

गेल्या आठवड्यात झुबेदाच्या भावजयीला भेटायला गेले. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत चटईवर मोहल्ल्यातली आणि गव्हाणची मुलं दाटीवाटीने बसलेली, समोर मनीषा. भावजय म्हणाली, "शाळा सुटली की येते रोज. नाहीतर हे घर खायला उठलं असतं."

एक लहानगी उभी राहून वाक्य म्हणत होती. अडखळली, चुकली, ओशाळून खाली बघू लागली. 'चुकलं' हा शब्द झुबेदाने वर्गात कधीच उच्चारला नाही. ती कानामागे हात धरायची. मी दारातच थांबले. मनीषाने कानामागे हात धरला आणि म्हणाली, "मला नीट ऐकू आलं नाही गं. पुन्हा म्हण बरं."