दोन इंचांची पडवी

लहान मुलांना हाताचा छंद लावावा, त्यानं ती हुशार होतात, असं आता माझ्यासमोर कोणी म्हटलं की मी उठून आत जाते. माझ्या मुलीला असा छंद लागला आणि माझी चूल गेली. झालं ते असं.

आम्ही जोगेश्वरीला गुंफेच्या पलीकडच्या चाळीत राहायचो. पत्र्याच्या दहा खोल्या, एका रांगेत. पुढे जायला-यायला वाट आणि मागे थोडी मोकळी जागा, मग टेकडीचा खडक. चाळ शेठची. भाडं घ्यायला त्याचा मेहता यायचा, तो पहिल्या खोलीच्या ओट्यावर बसून पैसे घ्यायचा आणि तिथूनच परत जायचा. शेठ स्वतः वर्षातून एकदा यायचा, चाळीच्या गणपतीला, पाचव्या दिवशीच्या आरतीला. मागच्या बाजूला दोघंही कधी गेले नाहीत. म्हणून आम्ही सहा घरांनी मागची भिंत फोडून पडव्या काढल्या होत्या. माझी सगळ्यात मोठी. चार फूट बाहेर, कमरेपर्यंत विटा, वर पत्रे.

त्या पडवीत माझे दोन स्टोव्ह होते. नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलं होतं, तो मिळेल ती हमाली करायचा. घर चालायचं माझ्या डब्यांवर. अंधेरीच्या कारखान्यांतली माणसं माझे डबे खायची. आत खोलीत सासू पडून होती. तिची उजवी बाजू गेलेली, छातीत कफ. आत स्टोव्ह पेटवला की ती गुदमरायची. म्हणजे पडवी होती तोवर डबे होते. हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं.

शेवटच्या खोलीत एक गृहस्थ राहायचे. मूळचे सावंतवाडीकडचे, एकटे. एका कारखान्यात नकाशे काढायचे, मग तो कारखाना बंद पडला. दुसरा माणूस असता तर कामाला फिरला असता. हे दुपारी पोरं गोळा करायला लागले. सहा-सात-आठ वर्षांची आठ-दहा पोरं, त्यात माझी मुलगी. तेव्हा ती दुसरीत होती.

आधी मला वाटलं, बरं आहे, दुपारी पायात येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक पोराची उंची मोजली आणि पुठ्ठ्यातून तेवढंच माणूस कापून दिलं. तेवढंच म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. माझी मुलगी पावणेदोन इंचांची झाली. ती ते पुठ्ठ्याचं माणूस कंपासपेटीत घेऊन फिरायची आणि सगळ्याशेजारी उभं करून बघायची. मी एवढी असेन तर दार केवढं, पिंप केवढं, आजीची खाट केवढी. भात वाढला तरी ताटाशेजारी ते माणूस उभं. मी दोनदा हातातून काढून घेतलं, दोनदा तिनं रडून परत मिळवलं.

पोरांना ते ब्लेड देत नसत. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा स्वतः कापायचे. पोरांनी पट्टी धरून सुईनं रेघ मारायची, तिथं घडी पाडायची आणि गव्हाच्या खळीनं चिकटवायचं. काडेपेटीच्या काड्या म्हणजे वासे, चॉकलेटची चांदी म्हणजे पत्रा. महिनाभरात पोरांनी पाण्याची टाकी केली, रिक्षा केली. रिक्षाची चाकं मोठी झाली म्हणून त्यांनी ती परत करायला लावली. पोरं रडली, पण केली. मोठं माणूस असून चाकापायी पोरांना रडवतं, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

श्रावणात त्यांनी ठरवलं की या वर्षी गणपतीच्या देखाव्याला आपलीच चाळ करायची. पोरं टेप घेऊन घरोघरी शिरली. पुढून मोजलं, मागून मोजलं. बायका हसत होत्या. कोणी पोरांना सांगायची, माझी तुळस विसरू नका रे. एकीनं टीव्हीचा अँटेना लावून घेतला, एकीनं दाराला पडदा. आपलं घर खेळण्यात येणार म्हणून सगळ्या खूश. मी डब्यांच्या घाईत होते. माझ्या मागे मुलगी भिंतीला टेप लावून उभी आहे, हे मी पाहिलं आणि तिला फक्त बाजूला सरक म्हणाले. ही माझी चूक.

गणपतीच्या आदल्या दिवशी चाळ मंडपात मांडली. टेबलावर होती, म्हणून वरून दिसायची. मी वाकून पाहिलं. पुढची ओळ सरळ, मागची दातेरी. सहा पडव्या बाहेर आल्या होत्या आणि त्यात सगळ्यात पुढे माझी. दोन इंच. आत दोन स्टोव्हसुद्धा, मण्यांचे.

शेजारणीला म्हटलं, शेठ येणार, बघेल. ती म्हणाली, शेठ काय पुठ्ठ्यात बघतोय, त्याला प्रसाद दिला की झालं. दुसरी म्हणाली, तुझं आपलं काहीतरीच. कोणाच्या डोक्यात शिरेना.

मग मी त्या गृहस्थांच्या दारात गेले. ते माझाच डबा खायचे, त्याच पडवीत रांधलेला. तेव्हाही जेवतच होते. मी सांगितलं, माझी पडवी काढा, मागची भिंत सरळ करा. त्यांनी हात धुतले.

"वहिनी, पहिल्या दिवसापासून पोरांना एकच सांगितलं, जे आहे तेवढंच करायचं. आता मीच कसं सांगू, वहिनींचं कमी करा म्हणून?"

"पोरांना काय कळतंय? तुम्ही कापा."

"तुमच्याच मुलीनं केलीय ती भिंत. तीनदा केली, तेव्हा बसली. तिला विचारा ना."

मी म्हटलं, "भावोजी, तुमच्या खोलीला मागे काही नाही, म्हणून तुम्हाला खरं परवडतं."

मी डबा उचलला, अर्धा भरलेला होता तसाच, आणि उद्यापासून डबा बंद म्हणून सांगितलं. घरी येऊन मुलीला म्हणाले, तुझी तू पडवी काढ. ती म्हणाली, मग स्केलला चुकेल. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तरी ती तेच म्हणाली.

मंडपात गणपतीजवळ कोणीतरी बसावं लागतं, तशा पाळ्या लावलेल्या असतात. पाचव्या दिवशी दुपारची पाळी मी मागून घेतली. पुरुष कामावर होते, बायका आरतीच्या तयारीत. घरात ब्लेड नव्हतं, कात्री सापडेना. मासे कापायची सुरी श्रावणापासून कागदात गुंडाळून फळीवर ठेवली होती, ती पदराखाली नेली. देवासमोर मासळीची सुरी काढायची मला भीती वाटली नाही. घाई होती. पण पुठ्ठा दोन पदरी होता, खळ सुकून कडक झालेली. सुरी सरळ चालेना. पडवी निघाली ती फाटून निघाली, भिंतीला मोठं भगदाड पडलं. मी तुकडे कमरेला खोचले आणि पाळी संपेपर्यंत बसून राहिले.

बाकीच्या पाच मी तशाच ठेवल्या. त्या काढायचं माझ्या मनातही आलं नाही. नंतर सगळ्यांनी मला हेच ऐकवलं.

संध्याकाळी शेठ आला. आरती झाली, प्रसाद झाला. शेठ देखाव्यापाशी गेला, पोरांचं कौतुक केलं. कदाचित तेवढंच करून गेलाही असता. पण त्याला ते भगदाड दिसलं.

"हे काय? इकडे उंदीर लागला काय?" म्हणाला.

लोक हसले. माझी मुलगी पुढेच उभी होती. तिनं तेव्हाच पाहिलं. आधी तिचं तोंड रडवेलं झालं, मग ती शेठला म्हणाली, "इथे आमची पडवी होती. दोन इंच. खऱ्यात चार फूट."

"असं? आणि बाकी सगळं खऱ्यात आहे तसं?"

"हो. अर्ध्या इंचाला एक फूट. आम्ही टेपनं मोजलंय."

ते गृहस्थ पुढे आले आणि शेठला म्हणाले, पोरांचा खेळ आहे, चला, चहा घ्या. आता खेळ झाला होता. माझ्यासाठी मात्र तोच खेळ दोन इंचांनी कमी करता आला नव्हता. शेठनं मुलीला विचारलं, मोजमाप लिहून ठेवलंय का. तिनं अभिमानानं वही आणून दिली. त्यानं तिच्या हातावर पेढा ठेवला आणि वही मेहत्याकडे दिली. मग दोघं चप्पल घालून चाळीच्या मागच्या बाजूला गेले. पहिल्यांदाच.

नोटिसा आल्या सहा घरांना. चाळीनं पोरीला दोष दिला नाही, त्या गृहस्थांनाही दिला नाही. मला दिला. दुपारची पाळी माझी होती, त्यामुळे फाडलं कोणी हे सगळ्यांना कळलं होतं. मी फाडलं नसतं तर शेठनं वाकून पाहिलंच नसतं, असं सगळ्यांचं म्हणणं. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "स्वतःची तेवढी कापलीस ना गं? आमची कोण कापणार होतं?" मी तिला म्हटलं, मी सांगायला आले होते तेव्हा तू हसलीस. ती त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. मीही नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं की नाही, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

दसऱ्यानंतर शेठची माणसं पहार घेऊन आली. माझ्यापासून सुरुवात केली. मी रात्रीच स्टोव्ह आत घेतले होते, सासूच्या खाटेपासून हातभर लांब. त्या दिवशीचे डबे व्हायचेच होते. ते गृहस्थ दारात येऊन म्हणाले, वहिनी, माझी खोली रिकामी आहे, तिकडे स्वयंपाक करा. मी सांगितलं, तुमच्या खोलीची पायरी मला नको. ते उभे राहिले, मग गेले. पुढे ते गावी निघून गेले. त्यांनी वळून परत विचारलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही.

विसर्जनानंतर पुठ्ठ्याची चाळ त्यांच्याकडे होती. मुलीनं ती मागून आणली होती. मी फाडलेली पडवी तिनं मध्यंतरी नवीन करून लावलीसुद्धा होती, मला न सांगता. त्या दिवशी ती मागच्या खडकावर बसली, मांडीवर चाळ, हातात माझी केस कापायची कात्री. माणसं एकेक पडवी पाडत गेली तशी ती एकेक कापत गेली. पट्टी धरून, रेघ मारून, सरळ. शेवटची पडेपर्यंत ती उठली नाही.

मग आत आली. खोलीत धूर होता, सासू खोकत होती, मी भाजीला फोडणी देत होते.

"आई, आता बरोबर आहे बघ," म्हणाली.

मी म्हटलं, "स्टोव्हपासून लांब हो."

त्या दिवशी डबे उशिरा गेले. धुराचा वास लागला होता म्हणून काही तसेच परत आले. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या लोकांनी दुसरीकडे डबा लावला.