हवालदारकाकींची शाळा

मी काही लेखिका नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि कॉलेजच्या अंकात नाव छापून यावं एवढं माझं वाचनही नाही. शिवाय एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर त्याला आधी विचारावं, तेही मी केलेलं नाही. हे वाचून कुणाला वाटलं की ही मुलगी फारच पुढे पुढे करते, तर त्यांनी मला समजून घ्यावं. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांच्यामुळेच मला चार ओळी लिहिता येतात. आणि त्यांच्या घरात झालेल्या एका चुकीत माझाही वाटा होता. तो एकदा सांगून टाकायचा आहे.

गोव्यातल्या सुर्ला या खाणीच्या गावात त्यांना सगळे हवालदारकाकी म्हणत. सकाळी सहाच्या ठोक्याला त्या अंगणात येऊन शिट्टी फुंकत. साधीसुधी शिट्टी नव्हे, नवऱ्याची पलटणीतली पितळी शिट्टी. पाववाला पोदेर सायकलवरून यायचा तो त्यानंतर, आणि खाणीवरचे ट्रक सुरू व्हायचे तेही त्यानंतर. शिट्टी झाली की सुलू आणि मनू, त्यांची दोन मुलं, ओसरीवर ताठ उभी राहत. नखं, दात, पाटी, पेन्सिलीचं टोक, सगळं तपासून व्हायचं. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. वडील सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायचे. आई गावी शेतीपाशी, आणि मी वडिलांचं जेवण करायला इथे. पहिल्या दिवशी शिट्टी ऐकून वडील दचकून उठले आणि म्हणाले, "गो, पोलीस इले की काय?"

हवालदारकाका सैन्यात होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली. एका ठिकाणी शाळेत एक भाषा, दुसरीकडे दुसरी, आणि प्रत्येक बदलीत मुलांचं अर्धं वर्ष बुडायचं. मग त्यांची नेमणूक अशा जागी झाली, जिथे कुटुंब नेता येत नाही. काकी मुलांना घेऊन सासरच्या घरी सुर्ल्याला आल्या, तेव्हा नोव्हेंबर चालू होता. शाळेच्या हेडमास्तरांनी दाखले मागितले. दाखले धड नव्हतेच. ते म्हणाले, जूनमध्ये या, मुलीला सहावीत घेऊ. सुलू आठवीच्या वयाची होती.

काकी म्हणाल्या, "मास्तर, बदलेचो कागद येता तेन्ना कोणूच विचारना, भुरग्यांची परिक्षा जाली काय ना. आतां हांव कोणाक विचारूं?" आणि मुलांना घेऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सहाला शिट्टी वाजली. ती त्यांची शाळा.

बाकं म्हणजे दोन काळ्या ट्रंका, वर पांढऱ्या रंगात काकांचा नंबर आणि नाव. फळा मात्र माझ्या वडिलांनी आणून दिला. मोडीत निघालेल्या ट्रकचा मागचा फाळका होता तो. काकींनी तो घासून काळा रंगवला, तरी एका कोपऱ्यात 'हॉर्न द्या' ही अक्षरं दिसतच राहिली. मनू कंटाळला की तिकडे बोट दाखवून भोंग्याचा आवाज काढायचा.

पुस्तकं जुनी होती, पण काकी फक्त पुस्तकावर थांबत नसत. वेग आणि अंतराची गणितं त्या नदीकाठच्या धक्क्याकडे जाणाऱ्या ट्रकांवर घालायच्या. मुलं रस्त्याच्या कडेला बसून घड्याळ लावायची आणि संध्याकाळी अंगभर लाल धूळ घेऊन आलेख काढायची. एकदा सुलूच्या आलेखात एक ट्रक धक्क्याला पोचायला सगळ्यांच्या दुप्पट वेळ घेतो असं निघालं. काकींनी विचारलं, "हो कोणाचो?" मी मान खाली घातली. माझे वडील वाटेत चहाला थांबायचे, हे गणितानेच उघडं पाडलं. त्यानंतर वडील काकींच्या अंगणावरून जाताना म्हणायचे, "माका मोजू नका हां, काकी. मी आज सरळ गेलंय."

भूगोल शिकवायची त्यांची रीत तर मी कुठेच पाहिली नाही. काकांच्या पत्रात ते कुठे आहेत हे कधी नसायचं, तशी परवानगीच नव्हती. वर ठिकाणाची जागा कोरी, खाली नंबर, हुद्दा, नाव. काकी पत्र मोठ्याने वाचायच्या आणि विचारायच्या, "सांगात, तुमचो बापूय खंय आसा?" पत्रात असायचं की इथे साडेचारलाच उजाडतं, की पाणी उकळायला फार वेळ लागत नाही पण डाळ शिजत नाही. मुलं नकाशावर बोट फिरवत बसायची. पूर्वेकडे. उंचावर. बरोबर की चूक ते कळायला काका रजेवर येईपर्यंत थांबावं लागायचं. ते आले की मुलं आधी नकाशा पुढे धरायची, मग पाया पडायची.

रजेवर आलेले काका मला आठवतात ते एका सकाळचे. आदल्या दिवशी प्रवासाने दमलेले, गाढ झोपलेले. सहाला शिट्टी झाली आणि हा सहा फुटी माणूस लुंगी सावरत धावत येऊन मुलांच्या रांगेत ताठ उभा राहिला. डोळे मिटलेलेच. काकींनी त्यांचीही नखं तपासली. मनू हसून हसून खाली बसला. काका डोळे न उघडता म्हणाले, "तुमची आई आमच्या सुभेदारसायबापेक्षा कडक." काकी म्हणाल्या, "नखां वाडल्यांत. आंत वचात, कापून यात."

मी त्यांच्या शाळेत कशी गेले ते सांगते. दहावीला गणितात आणि इंग्रजीत नापास होऊन मी घरी बसले होते. एक दिवस विहिरीवर काकींनी विचारलं, "बाय, तूं फुडें किदें करतली?" मी म्हटलं, मला डोकं नाही. त्यांनी कळशी खाली ठेवली. "तकली सगळ्यांक आसता. बसपाची संवय जाय. फाल्यां स वरांचेर यो." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गेले. सतरा वर्षांची मी, ट्रंकेवर सुलूशेजारी बसले. लाज वाटली, पण कुणी तसं बघितलंच नाही. मनूने फक्त माझी नखं नीट बघून घेतली.

दुसऱ्या वर्षी भाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, बस बंद, ट्रक उभे, शाळांना कुलपं. काकींची शिट्टी मात्र वाजत होती. आधी शेजारची दोन मुलं आली, मग वाड्यावरची आणखी. आठवड्यात ओसरी भरली, पायऱ्यांवरही पोरं बसली. एका सकाळी चार-पाच तरुण अंगणात आले. त्यातला एक जरा गुर्मीत म्हणाला, "काकी, तुमची शाळा मराठी काय कोंकणी?"

काकींनी खडू खाली ठेवला. "उलयतात कोंकणी, बरयतात मराठी, मोजतात हिंदींत. आनी झगडटात तिनांय भाशांनी. तुमकां खंयची जाय? बसात, च्या करतां."

बोलायची एक, लिहायची दुसरी, मोजायची तिसरी आणि भांडायला तिन्ही, हा हिशेब ऐकून ते बसले. त्यातल्या एकाने जाताना मनूला भागाकार समजावून दिला, आणि चुकीचा समजावला. तो गेल्यावर काकींनी तो पुसून पुन्हा घातला.

सुलूला दहावीला बाहेरून बसवायचं काकींनी ठरवलं होतं. फॉर्मवर हेडमास्तरांची सही लागत होती. ते स्वतः ओसरीवर आले, तासभर सुलूला प्रश्न विचारले, फाळक्यावर गणितं घालून बघितली आणि काही न बोलता सही करून गेले. त्याच सुमारास काकांचं पत्र आलं. नेहमीप्रमाणे काकींनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. त्यात होतं, मुलांच्या शिक्षणाचे हाल माझ्याच्याने बघवत नाहीत. सुलू पहिल्या खेपेला पास झाली नाही तर मी पलटणीतून नाव काढून घेतो आणि घरी येतो. खाणीवर राखणदार म्हणून उभा राहीन, पण मुलं शाळेत जातील. काकींनी ती ओळ वाचून संपवली. मग त्यांनी पत्राची घडी घातली. "हाचेर प्रश्न ना. फुडलें."

नंतर सुलूने मला सांगितलं की दोन वर्षांत काका नायब सुभेदार होण्याच्या बेतात होते. खांद्यावर तारा लागणार होता. तो तारा काकांपेक्षा काकींनाच जास्त हवा होता. पावसात, थंडीत, एकटीने मुलं वाढवून काढलेली इतकी वर्षं, त्यांचं काहीतरी दिसायला हवं होतं. सुलू नापास झाली असती तर ते सगळं त्यांच्याच शाळेने घालवलं असतं.

पहिलाच पेपर मराठीचा होता. मी सगळ्या विषयांना पुन्हा बसले होते, आणि मी आणि सुलू एकाच केंद्रावर. पेपर सोपा होता. बाहेर आल्यावर आम्ही उत्तरं ताडून बघत होतो. पत्राचा प्रश्न होता, मैत्रिणीला तुझ्या गावी सुट्टीला बोलाव. मी विचारलं, "पत्र कसं लिहिलंस?"

"बाबांसारखं," सुलू म्हणाली. "वर जागा कोरी सोडली. खाली बाबांचा नंबर, हुद्दा, नाव."

 उत्तरपत्रिकेत ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, पत्राखाली अ. ब. क. लिहायचं, हे शाळेत आम्हाला दर परीक्षेआधी बजावत. खरं नाव, खरा नंबर आला की पेपर संशयित. सुलू कधी त्या शाळेत बसलीच नव्हती. तिने पत्र म्हणून एकच नमुना पाहिला होता, वडिलांचा. आणि मी दोन वर्षं तिच्या शेजारी बसून पत्रलेखनाचा सराव केला होता. मी माझ्या वहीत अ. ब. क. लिहायची, ती तिच्या वहीत नंबर. मी ते बघायची आणि मला गंमत वाटायची. परीक्षेत ती असंच लिहील हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

घरी आल्यावर काकींना सांगितलं. त्या चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ निखारे सारखे केले. सुलू रडायला लागली तशी म्हणाल्या, "रडूं नाका. फाल्यां गणित आसा. वही हाड." आणि खरंच, त्यांनी तिला गणितं घालून दिली. मी मात्र त्यांचे हात बघत होते. खडू दोनदा मोडला.

परीक्षा संपल्यावर त्यांनी हेडमास्तरांकडे एक पत्र नेऊन दिलं, मंडळाला पाठवण्यासाठी. मला ते वाचायला दिलं होतं, शुद्धलेखन बघायला. त्यात गयावया नव्हती. मुलीला पत्र लिहायला मी शिकवलं. नियम मला ठाऊक नव्हता. चूक शिकवणारीची आहे, मुलीला तिची शिक्षा करू नये. एवढंच. मी त्यात एक वेलांटी दुरुस्त केली. हेडमास्तरांनी त्याखाली स्वतःच्या चार ओळी जोडल्या.

त्याच मे महिन्यात गोवा घटक राज्य झालं. फटाके वाजले. मनूने विचारलं, नकाशात आता आपला रंग वेगळा करायचा का? काकींनी त्याला रंगपेटी दिली आणि त्याने गोवा जांभळा केला, कारण दुसरा कुठला रंग उरला नव्हता.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास. सुलूच्या नंबरापुढे लिहिलं होतं, निकाल राखून ठेवला आहे. काकींनी माझ्या हातावर साखर ठेवली, वडिलांच्या हातावर ठेवली, अख्ख्या वाड्यात वाटली. सुलूने स्वतः डबा फिरवला. त्याच आठवड्यात काकांचं पत्र आलं, नवीन ठिकाणी क्वार्टर मिळालं आहे, या. काकींनी दीड तासात शाळा ट्रंकेत भरली. निकाल न कळताच त्यांना जायचं होतं.

निघायच्या दिवशी मी त्यांना अडवलं आणि वहीतल्या अ. ब. क.चं सगळं सांगितलं. मला माहीत होतं, मी बोलले नाही. सांगताना मला हुंदका आला. काकी ट्रंकेवर बसल्या, मलाही शेजारी बसवलं.

"तुका म्हायती आशिल्लें, तुवें सांगूंक ना," त्या म्हणाल्या. "म्हाका म्हायती नाशिल्लें, तरी हांव शिकयताली. आतां सांग, चूक कोणाची व्हड?"

 त्या उठल्या, पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कॉलेजींत वच. आनी कोण चुकता दिसलें जाल्यार हांसूं नाका. सांग." वडिलांनी ट्रंका ट्रकमध्ये चढवल्या आणि त्या दिवशी चहाला न थांबता त्यांना स्टेशनवर पोचवलं.

मी कॉलेजला आले. वसतिगृहात राहते. दर पत्रात वडिलांना विचारायची, काही कळलं का? वडिलांना लिहिता येत नाही, ते कुणाकडून तरी दोन ओळी लिहून घ्यायचे, आणि त्या दोन ओळींत सुलू नसायची. जुलै गेला, चतुर्थी झाली, दिवाळी जवळ आली. मला आपलं वाटायचं, एव्हाना काका परत आले असतील आणि खाणीच्या फाटकावर काठी घेऊन उभे असतील.

मग एका रविवारी वडील स्वतः आले. वसतिगृहाच्या आत यायला ते लाजतात, म्हणून फाटकापाशीच उभे होते. मी धावत गेले.

"सुलूचो निकाल सोडल्यानी," ते म्हणाले. "हेडमास्तरांक काकीचा पत्र इला. त्या पत्राच्या प्रश्नाक शून्य, पण पास. मराठीत काठावर, गणितात तुझ्यापेक्षा चड."

"आणि काका? त्यांनी नाव काढलं?"

वडील हसायला लागले. मला ते हसणं नवीनच होतं.

"अर्ज लिवन ठेवलेलो, गो. सही करून. सकाळी सायबाक देवक जातलो तर अर्ज गावना, घरभर शोधल्यान. काकीन त्याच अर्जाच्या पाठल्या बाजूक सुलूक गणितां घालून दिल्यानी."