ऋणनिर्देशातून गाळलेला

ऐंशीच्या दशकात वाशीला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझा एक मित्र राहत होतो. एकाच सरांकडे ताऱ्यांवर पीएच.डी. करत होतो. माझा विषय लिथियम. विश्वाच्या सुरुवातीला ते अगदी थोडं तयार झालं. पुढे आकाशगंगेत त्याची भर पडत गेली. ही भर सगळीकडे सारखी पडली का, ते मी शोधत होतो. माझा आलेख सांगत होता, आकाशगंगेच्या काठाकडे जावं तसं ताऱ्यांत लिथियम कमी. त्या उतरत्या रेघेवर माझा सगळा प्रबंध उभा होता.

एका सकाळी चहा गाळताना तो म्हणाला, "तुझे काठाकडचे लांबचे तारे सगळे राक्षसी आहेत रे."

"मग? एवढ्या लांबून तेच दिसतात."

"तेच म्हणतोय. म्हातारा तारा फुगला की आतला वायू वर येऊन मिसळतो. आतलं लिथियम तर कधीच जळालेलं असतं. मग ते कमी दिसणारच. जवळचे लहान तारे आणि हे राक्षसी एकाच रेघेत कसे ओवलेस?"

"तुझं काम अडलंय म्हणून माझ्यावर जळतोस."

"जळतो, बस? पण रेघ खोटी आहे."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. नळाला सकाळी थोडाच वेळ पाणी यायचं. तो उठायच्या आत मी माझ्या बादल्या भरायचो, त्याच्या कोरड्या ठेवायचो. तो मुकाट्याने खाली जाऊन टाकीवरून पाणी आणायचा. सरांसमोर मी म्हणायचो, "ह्याला दुसऱ्याच्या चुकाच दिसतात."

मग दार लावून मी राक्षसी तारे वेगळे काढले. दोन्ही गटांत ना चढ, ना उतार. रेघ गेली. ती रेघ कशी फसवते, यावरच मी प्रबंध लिहिला.

"हे सुचलं कसं तुला?" सरांनी कौतुकाने विचारलं.

"आकडे बघता बघता," मी म्हणालो. तो शेजारीच बसला होता.

ऋणनिर्देशात सर होते, ग्रंथपाल होते, टायपिस्ट होता, घरमालकही होता. बांधून आलेली प्रत त्याने उचलली, ते पान वाचलं.

"घरमालकाला घातलंस ते बरं केलंस. पाणी त्याचंच आहे."

प्रत ठेवून तो बादली घेऊन जिना उतरला. नळाला अजून पाणी होतं. मी त्याला हाक मारली नाही.