टीचरांनी दिलेली नावं

चारशे पानांच्या अहवालातलं हवं ते पान टीचर दोन क्लिकमध्ये उघडून दाखवायच्या, आणि त्यांनी ते दाखवलं की माझ्या पोटात दुखायचं.

टीचर वसईच्या आमच्या ऑफिसात प्रोग्रॅमर होत्या. राहायला जवळच्या सांडोर गावात. आधी शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळे टीचरच म्हणत. आमच्याकडे औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी यायची. तक्ते काढणारा प्रोग्रॅम मी लिहायचो आणि त्यातून पीडीएफ निघायची. पीडीएफच्या डाव्या बाजूला बुकमार्कची, म्हणजे क्लिक केलं की त्या पानावर नेणाऱ्या नावांची, यादी असते. तिथे सॉफ्टवेअर आपल्या मनाने नावं घालतं: ‘तक्ता १’, ‘तक्ता १’, पुन्हा ‘तक्ता १’. आम्ही ती तशीच पाठवायचो. टीचर मात्र प्रोग्रॅममध्ये प्रत्येक तक्त्याआधी एक ओळ घालून नाव बदलायच्या: ‘यकृताचा त्रास झालेले रुग्ण’, ‘औषध मध्येच सोडलेले रुग्ण’.

“वाचणारा दमलेला असतो रे, नीलेश,” त्या म्हणायच्या. “त्याला शोधायला लावू नये.”

अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांचे मेल यायचे ते टीचरांचे आभार मानणारे. आकडे माझे, तपासणी माझी, आणि कौतुक नावांचं! दुपारी त्या घरी फोन करून गावच्या बोलीत भरभर बोलायच्या, खळखळून हसायच्या. मनवेलपाड्यात भाड्याने एकट्या राहणाऱ्या मला त्या हसण्याचाही हेवा वाटायचा.

एकदा एका औषधाच्या सुरक्षिततेवर डॉक्टरांची बैठक होती. अहवाल पाठवायच्या आधी मी गुपचूप टीचरांच्या ओळी काढून टाकल्या. म्हटलं, बघूच काय अडतं ते.

अडलं. दोन रुग्णांच्या हृदयावर परिणाम झाला होता, तो तक्ता डॉक्टरांना सापडेना. पुढचा डोस द्यायचा की नाही, हे त्यावरच ठरणार होतं. फोन आला. टीचरांनी फाइल उघडली, डावीकडच्या यादीवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, “सर, पान दोनशे बारा.” वीस मिनिटांत सगळी नावं घालून त्यांनी अहवाल पुन्हा पाठवला. डोस थांबवला गेला.

साहेबांनी जाब विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्याकडून राहिलं.” साहेब सगळ्यांदेखत ओरडले. मी मान खाली घालून टाइप करत राहिलो.

पुढल्या वर्षी गावच्या शाळेला गणिताला कुणी मिळेना, म्हणून टीचर नोकरी सोडून निघाल्या. शेवटच्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

“ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “फाइल शेवटी कुणी बदलली, ते दिसतं की.”

“मग बोलला का नाहीत?”

“त्या वेळी डॉक्टरांना पान हवं होतं. तुझं नाव घेऊन ते सापडणार होतं का?”

खांद्यावर थोपटून त्या जिना उतरून गेल्या. मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर हेवा संपेल. संपला नाही. पूर्वी मला त्यांचं कौतुक हवं असायचं. आता वाटतं, त्यांच्यासारखं दुसऱ्याला सांभाळून गप्प राहणं तरी जमायला हवं होतं; मी गप्प राहिलो तो स्वतःला वाचवायला.