शिरपाने कावड दिली नाही

डाळिंबाच्या बागेत छाटणी चालली होती तेव्हा शिरपाच्या बायकोचा, सुलावहिनींचा फोन आला. वहिनी स्वतःहून कधी फोन करत नाहीत, त्यामुळे नाव बघूनच हातातली कात्री खाली ठेवली. "भाऊजी, ह्यास्नी सकाळी उठवाय गेले, तर उठलंच न्हाईत..." एवढंच त्या बोलल्या. आटपाडीहून मेढ्याला पोचेपर्यंत शिरपाला स्मशानात नेऊन सगळे परतही आले होते. पलटणीत ज्याच्या शेजारच्या खाटेवर मी उभी जवानी काढली, त्याचं तोंडसुद्धा मला बघायला मिळालं नाही. याला आता महिना उलटला. लोक म्हणतात, झोपेत गेला, भाग्याचा. मला त्यात कसलं भाग्य दिसत नाही.

आमची जोडी तशी विजोडच. तो मेढ्याजवळच्या डोंगरातला, चार महिने पावसात भिजणारा. मी मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातला, ढग दिसला तरी कौतुक करणारा. "बिरा, तुमच्या गावात आंघुळीला मुहूर्त काढत्यात व्हय रं?" असं तो अख्ख्या बराकीसमोर विचारायचा आणि मी त्याला डोंगरातलं शेवाळ म्हणायचो. पेन्शनीत आल्यावर त्याने वडिलांची बंद पडलेली कावड पुन्हा सुरू केली. बांबूच्या दोन टोकांना तांब्याच्या दोन कळश्या, त्यात वेण्णा नदीचं पाणी, आणि ते खांद्यावरून चालत शिखर शिंगणापूरला नेऊन चैत्रात महादेवाला घालायचं. सातारा, पुसेगाव, दहिवडी... कावड वाटेत जमिनीला टेकवायची नाही. मुक्कामाला झाडाला टांगायची, आणि चालताना दमलं की सोबत्याच्या खांद्यावर द्यायची. सोबती म्हणून त्याने मला धरलं. मी काही देवभोळा नव्हे. दोस्ताबरोबर चालायला बरं वाटतं म्हणून गेलो. माण तालुक्यात शिरलो की धोंडे तापलेले, विहिरी कोरड्या, आणि बायका त्या दोन कळश्यांच्या पाया पडायच्या. "गड्या, टँकरवाल्याला बी एवढा मान न्हाई," मी म्हणायचो. शिरपा हसून कावड हिंदकळवायचा आणि वर मलाच शिव्या द्यायचा.

मग त्याचा संदीप नाहीसा झाला. एकुलता एक पोरगा. लष्कराच्या भरतीत तिसऱ्यांदा नापास झाला, साताऱ्याहून गाडीत बसतो असं घरी कळवलं, आणि आलाच नाही. वहिनी घरी शिवणकाम करतात. निघताना संदीपच्या अंगात त्यांच्याच हातचा नवा शर्ट होता. शिरपाने पोलिसांत वर्दी दिली, गावोगाव फिरला, फोटो दाखवत हिंडला. त्या वर्षापासून वाटेवरची थट्टा संपली. शिंगणापूरला देवाला सगळे एकेरीच हाक मारतात, "म्हाद्या, धाव!" म्हणतात. शिरपा पाणी घालताना घसा फोडून ओरडायचा, "म्हाद्या, पोराला धाड!" आजूबाजूची अनोळखी माणसंही वळून बघायची. घरी परतलो की वहिनी उंबऱ्यातच विचारायच्या, "मागितलं न्हवं?" तो होकाराची मान हलवायचा आणि पाय धुवायला जायचा.

एका वर्षी पुसेगाव मागे पडलं आणि त्याचा फोन वाजला. कावड त्याच्या खांद्यावर, म्हणून मी घेतला. कोकणातल्या एका पोलीस ठाण्याचा होता. खाडीत एका तरुणाचा देह सापडलाय, वर्णन जुळतंय, ओळख पटवायला लगेच या, फार दिवस ठेवता येणार नाही... मी ऐकलं तसं त्याला सांगितलं. तो थांबला नाही, चालतच राहिला.

"शिरपा, मी जीप बघतो. कावड माझ्याकडं दे. पाणी मी पोचिवतो, तू जा."

"न्हाई."

"आरं, खुळा का काय? आपलं पोरगं असंल तर..."

"तुझ्या खांद्यावर दिली तर मला जावं लागंल, बिरा."

त्या खेपेला शिंगणापूरपर्यंत त्याने मला कावडीला हात लावू दिला नाही. खांदा सोलून सदरा चिकटला, तरी दिली नाही. आणि चाल इतकी मंद, की मागून आलेल्या म्हाताऱ्या आमच्या पुढे निघून गेल्या. आधी मला त्याचा संताप आला. एका चढावर त्याचा चेहरा बघितला आणि मग कळलं. पाणी वाटेत होतं तोवर पोरगा जिवंत होता. तेवढ्यासाठी तो ती वाट ताणत होता.

आम्ही ठाण्यात पोचलो तेव्हा बेवारस म्हणून त्या देहाचं दफन उरकलं होतं. आम्हाला फोटो आणि शर्ट दाखवला. फुगलेल्या चेहऱ्यावरून मला खरोखर काही ओळखू आलं नाही. शिरपाने शर्टाची कॉलर उलटी केली, आतल्या शिलाईवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा आमचा न्हवं, सायेब." परेडला जबाब द्यावा तसा, खणखणीत. घरी येऊन वहिनींनाही तेच सांगितलं. वहिनी "बरं" म्हणाल्या आणि पानं घ्यायला उठल्या.

पुढच्या चैत्रात पुन्हा निघालो. त्याने पाणी घातलं, मी हाकेची वाट बघत शेजारी उभा. त्याचे ओठसुद्धा हलले नाहीत. त्यानंतर त्याने म्हाद्याकडे पोराला कधीच मागितलं नाही. दरवर्षी उंबऱ्यात वहिनींचा तोच प्रश्न आणि याची तीच मान. मला वाटायचं, बायकोची आशा मोडू नये म्हणून हा बाबा एवढं ऊन खातोय. त्याला विचारायची माझी छाती झाली नाही.

परवा मेढ्याला जाऊन आलो. वहिनी सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, तरी म्हणालो, "वैनी, औंदा मी एकला नेतो पाणी. संदीपसाठनं मागतो."

"नगा जाऊ, भाऊजी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्या वर्षी कोकणातनं आल्यावर ह्यांनी मला इचारलं हुतं. म्हनले, संदीपच्या शर्टाला तू कॉलरीत आतनं दुहेरी शिलाई घालतीस काय गं? मी न्हाई म्हनलं."

"आन घालत हुता?"

"कवापास्नं. कॉलर लवकर इरती त्येची."

म्हणजे तो शर्ट संदीपचाच, हे दोघांनाही ठाऊक होतं. "आवं, मग दर साली मागितलं का म्हनून कशाला इचारत हुता?"

"न इचारून काय करू? घरात बसून काय केलं असतं त्यांनी? मी इचारतीया म्हनून निदान उठून चालत तरी हुते."

भिंतीवर कावड आडवी टांगलेली होती. बांबू मधोमध त्याच्या घामाने काळा पडलाय, दोन्ही कळश्या पालथ्या.

"त्यास्नी चालाय तरी हुतं," वहिनी म्हणाल्या. "मी काय करू आता? सांगा की."

आणि निवडून झालेलेच तांदूळ त्यांनी पुन्हा सुपात ओतले.